भूल चढण्याआधी हात का झोंबतो

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका बाईंना मी आदल्या संध्याकाळी तपासायला गेले होते. रक्तदाब, दमा, ॲलर्जी, हलणारे दात, उपाशी राहण्याची वेळ असे नेहमीचे सगळे प्रश्न झाल्यावर मी विचारले, "ताई, आणखी काही सांगायचंय का?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, नंतरचं दुखणंही विसरले. पण ते पांढरं औषध हातात सोडलं ना, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत नुसती आग झाली. मी ओरडले, आणि तेवढंच आठवतं. तेवढं बघा, डॉक्टर." त्यांच्या जुन्या कागदांमध्ये भुलीचा तक्ता होता. औषधे, मात्रा, नाडी, रक्तदाब सगळे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते आणि खाली शेरा होता, 'भूल सुरळीत दिली'. हाताविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

तो तक्ता लिहिणाऱ्या भूलतज्ज्ञाला मी दोष देणार नाही, कारण तसेच तक्ते मीही वर्षानुवर्षे लिहिले आहेत. भूल सुरू करतानाचा तो मिनिटभराचा काळ आमच्या दृष्टीने फार गडबडीचा असतो. प्राणवायूचा मास्क तोंडावर नीट बसला आहे ना, छाती हलते आहे ना, रक्तदाब किती उतरला, श्वासनलिकेत नळी घालण्याइतके स्नायू सैलावले का, या सगळ्याकडे एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. त्यात रुग्ण "आई गं, हात!" असे म्हणाला तर "झालं, झालं, आता झोप लागेल" असे म्हणून आम्ही पुढे सरकतो, आणि पुढच्या काही सेकंदांत त्याला खरोखरच झोप लागते. शस्त्रक्रियेनंतर तो जागा झाला की पोट दुखते का, मळमळते का, घसा खवखवतो का हे आम्ही आवर्जून विचारतो. हाताचे मात्र कोणी विचारत नाही. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मामला उलटा आहे. आधीच धास्तावलेल्या माणसाची शुद्ध हरपण्यापूर्वीची ती शेवटची जाणीव असते, आणि तिच्यामागून आलेले काही तास त्याच्या स्मरणात उमटतच नसल्यामुळे ती कशाखाली झाकलीही जात नाही. हे दुखणे बहुतेक वेळा टाळता येते, आणि ते टाळण्यासाठी लागणारे सामान प्रत्येक शस्त्रक्रियागृहात आधीपासून पडलेले असते, म्हणून हा लेख.

ज्याला रुग्ण 'पांढरे औषध' म्हणतात ते प्रोपोफॉल. आज जगभर शिरेतून भूल सुरू करण्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध बहुधा हेच असेल. त्याची भूल लवकर चढते, लवकर उतरते, आणि जागे झाल्यावर मळमळही कमी होते. रसायनाच्या दृष्टीने ते फिनॉलच्या कुळातले आहे. एकेकाळी जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या कार्बोलिक आम्लाच्या रेणूला दोन बाजूंनी कार्बनच्या दोन छोट्या फांद्या जोडल्या की प्रोपोफॉल तयार होते. हे कूळ एकदा लक्षात घेतले की त्याच्या झोंबण्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीत, पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले इयन ग्लेन आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात नवे भुलीचे औषध शोधत होते. त्यांच्या यादीतील ३५८६८ क्रमांकाचे संयुग हेच पुढे प्रोपोफॉल म्हणून ओळखले गेले. अडचण अशी होती की हे औषध तेलकट आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. १९७७ मध्ये माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात विरघळवलेले होते. त्या द्रावकामुळे काही रुग्णांना ॲलर्जीसारख्या गंभीर प्रतिक्रिया आल्या, आणि टोचताना वेदनाही होत होत्याच. मग सोयाबीनचे तेल, अंड्यातील लेसिथिन आणि ग्लिसरॉल यांच्या साहाय्याने त्याचे दुधासारखे पायस (इमल्शन) तयार करण्यात आले आणि १९८६ मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले. या कामासाठी ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पायसामुळे ॲलर्जीचा प्रश्न बहुतांशी मिटला, परंतु झोंबणे राहिले ते आजतागायत.

ते का राहिले हे समजून घेण्यासाठी पायसाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. त्यातले बहुतेक प्रोपोफॉल तेलाच्या सूक्ष्म थेंबांच्या पोटात असते. अगदी थोडा अंश थेंबांच्या बाहेर, पाण्याच्या भागात मोकळा असतो. शिरेच्या आतल्या अस्तराला जाऊन भिडतो तो हा मोकळा अंश. शिरेला संवेदना नसते असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. तिच्या भिंतीत वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची उघडी टोके असतात, आणि त्या टोकांवर टीआरपीए-१ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे चेतना टिपणारा रेणू, असतो. मोहरीचा झणका नाकात जाणवतो तो याच ग्राहकामुळे, आणि प्रोपोफॉलही त्यालाच चेतवते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. औषध सोडताक्षणी होणारी चरचर बरीचशी या थेट चिडण्यातून येते. त्याखेरीज दहा-वीस सेकंदांनी उमटणारी दुसरी कळ असते, आणि तिच्यामागे रक्तातील किनिन साखळी जागी होऊन तयार होणारे ब्रॅडिकिनिन हे वेदना चेतवणारे रसायन असावे, असे मानले जाते. म्हणूनच काही रुग्ण औषध सुरू होताच हात झटकतात, तर काही जण अर्धे औषध गेल्यावर एकाएकी कळवळतात.

वेदनेसाठी मराठीत शब्दांची मुळीच वानवा नाही, आणि या कामात ते शब्द निदानासारखे उपयोगी पडतात. रुग्ण "झोंबतंय", "चरचरतंय" किंवा "आग होतेय" असे म्हणाला आणि ती आग शिरेच्या रेघेने वर कोपराकडे चढत असेल, तर ती बहुधा प्रोपोफॉलची नेहमीची आग असते. "इथं ताणल्यासारखं होतंय", "फुगल्यासारखं वाटतंय" असे तो सुईच्या जागेवरच बोट ठेवून म्हणाला, तर हात थांबवून कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, शिरेतून बाहेर आली आहे का, हे पाहिलेच पाहिजे. आणि कळ वर न जाता खाली, बोटांच्या टोकांकडे गेली आणि पंजा पांढरा पडला, तर सुई शिरेऐवजी रोहिणीत (धमनीत) असल्याची शंका घ्यावी लागते. "हे औषध दुखतंच" हे वाक्य आमच्या तोंडात इतके बसलेले आहे की त्या सवयीपोटी या दोन शक्यता नजरेआड होऊ शकतात. म्हणून मुख्य औषधाआधी थोडे साधे सलाईन जोराने सोडून शीर मोकळी आहे याची खात्री करून घेणे मी कधी चुकवत नाही.

वेदना मोजण्याची आमची पद्धत अगदी साधी आहे. काहीच नाही म्हणजे शून्य. विचारल्यावर "हो, थोडं लागतंय" असे म्हटले तर एक. विचारल्यावर सांगताना तोंडही वाकडे झाले किंवा न विचारताच रुग्णाने सांगितले तर दोन. ओरडणे, हात ओढून घेणे किंवा डोळ्यांत पाणी येणे म्हणजे तीन. माझ्या त्या रुग्णबाईंची मागच्या वेळची वेदना निःसंशय तीन होती.

हे किती जणांना होते? २०११ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १७७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या २५,२६० प्रौढ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोणताही उपाय केला नाही तर दहांपैकी साधारण सहा जणांना वेदना होते, असे त्यातून दिसते. त्याच आढाव्यात निरनिराळ्या उपायांची तुलना आहे, आणि तिच्यात सर्वांत वर आलेला उपाय कोणतेही औषध नाही. तो म्हणजे शिरेची निवड.

पंजाच्या मागच्या बाजूची शीर बारीक असते आणि तिच्यातून रक्त सावकाश वाहते. तिथे सोडलेले औषध अस्तराला बराच वेळ घासत राहते. कोपराच्या लवणीतली शीर रुंद असते, तिच्यातून वाहणाऱ्या भरपूर रक्तात औषध लगेच पातळ होते आणि भिंतीला भिडण्याआधीच पुढे निघून जाते. पंजाऐवजी ही शीर वापरली तर वेदनेची शक्यता सुमारे सातव्या भागावर येते. मग सगळेच ती का वापरत नाहीत? कारणे खरी आहेत. कोपर वाकवला की कॅन्युला मुडपते आणि सलाईन अडते. त्या खोबणीत शिरेच्या अगदी लगत दंडाची मोठी रोहिणी आणि मज्जातंतू असतात, त्यामुळे चूक झाली तर ती महागात पडते. शिवाय तपासणीसाठी रक्त काढण्याची जागाही तीच, म्हणून पुष्कळ रुग्णांच्या त्या शिरा आधीच टोचून टोचून काळ्यानिळ्या झालेल्या असतात. या दोहोंच्या मध्ये, पंजा आणि कोपर यांच्या दरम्यान हाताच्या पुढच्या भागावर, बऱ्याच जणांना एखादी जाडसर सरळ शीर असते, आणि तिच्याकडे आपण पुरेसे पाहत नाही. वॉर्डात सलाईन लावणाऱ्या परिचारिकेला पंजाची शीर सोपी वाटते, तिथेच सुई घातली जाते आणि शस्त्रक्रियागृहात रुग्ण ती घेऊनच येतो. माझ्या अनुभवात या एका गोष्टीवर वॉर्डातील सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही महागड्या औषधाचा झाला नाही.

शीर पंजाचीच मिळाली तर दुसरा उपाय लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत देतात तेच हे बधिर करणारे औषध. फक्त शिरेत देण्यासाठी त्यात ॲड्रिनॅलिन मिसळलेले नसले पाहिजे, आणि टिकाऊपणासाठी घातलेले रसायनही नसलेले बरे. साध्या पद्धतीत प्रोपोफॉलच्या आधी ते शिरेत सोडतात आणि लगेच पुढचे औषध देतात. याने फायदा होतो, पण अर्धामुर्धा, कारण लिग्नोकेन रक्तासोबत वाहून जाते आणि ज्या अस्तराला बधिर करायचे तिथे ते पुरेसे थांबतच नाही. ते थांबवण्याची युक्ती जुनी आहे. ऑगस्ट बिअर या जर्मन शल्यविशारदाने १९०८ मध्ये दंडाला पट्टा आवळून, खालच्या हातातील शिरेत बधिर करणारे औषध सोडून तो हातच बधिर करण्याची पद्धत मांडली. आम्ही त्याच कल्पनेचा लहान अवतार वापरतो.

करायचे ते इतकेच. रुग्णाचा हात काही सेकंद वर धरायचा, म्हणजे शिरांमधले रक्त उतरते. मग हाताच्या पुढच्या भागाला किंवा दंडाला रबरी पट्टा बांधायचा, किंवा रक्तदाबाचा पट्टा शिरा बंद होतील एवढाच फुगवायचा. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनचे दोन मिलिलिटर, म्हणजे ४० मिलिग्रॅम, सावकाश सोडायचे. अर्धा मिनिट ते दोन मिनिटे वाट पाहायची, पट्टा सोडायचा आणि लगेच प्रोपोफॉल द्यायचे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५६ अभ्यासांतील सहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती; तिच्यानुसार दहा रुग्णांना असे केले तर त्यांपैकी साधारण सहा जणांची वेदना केवळ या उपायामुळे टळते. वैद्यकात इतक्या साध्या कृतीचे इतके मोठे फळ क्वचितच दिसते. लिग्नोकेनचा परिणाम मेंदूवर न होता प्रामुख्याने शिरेच्या अस्तरावर होतो, हेही त्यातून सूचित होते, कारण तेच औषध तेवढ्याच मात्रेत पट्ट्याशिवाय दिले तर फळ कमी मिळते.

या एका मिनिटावर माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप असतो. यादीत दहा रुग्ण असतील तर दहा मिनिटे गेली, असे ते म्हणतात. खरे पाहता रुग्णाला मास्कमधून प्राणवायू देण्यासाठी आम्ही तीन मिनिटे थांबतोच. पट्टा त्याच वेळात बांधलेला असू शकतो. वेळ वाया जात नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. आणीबाणीच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. पोट भरलेले, उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती, श्वास दर मिनिटाला खालावत चाललेला, अशा वेळी हाताच्या आगीचा विचार मागे पडतो आणि तो पडलाच पाहिजे. ज्यांच्या हृदयातील विद्युतवहनात मोठा अडथळा आहे किंवा ज्यांना लिग्नोकेनची खरी ॲलर्जी आहे, त्यांनाही हा उपाय नको.

लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळून देण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. मिश्रणाची आम्लता वाढल्यामुळे मोकळे प्रोपोफॉल तेलाच्या थेंबांत ओढले जाते आणि अस्तराला भिडणारा अंशच घटतो, असे तिचे एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे तिथे लिग्नोकेन केवळ बधिर करण्याचे काम करत नाही. पायसासाठी मात्र ही बाहेरची भर सुखाची नसते. लिग्नोकेन जास्त घातले आणि मिश्रण तसेच ठेवले, तर तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि काही तासांनी वर तेलाचा थरही दिसू शकतो. असे मोठे थेंब फुफ्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जाऊ नयेत, हे सांगण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नाही. २०० मिलिग्रॅम प्रोपोफॉलमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन, आणि तेही देण्याच्या क्षणी मिसळलेले, ही मर्यादा मी पाळते. सकाळी यादी सुरू होण्यापूर्वी दहा सिरिंजा भरून, मिसळून, ओळीने मांडून ठेवण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती मला साफ नापसंत आहे. प्रोपोफॉलच्या पायसात जंतू झपाट्याने वाढतात, हे त्याचे दुसरे आणि अधिक गंभीर कारण.

लिग्नोकेनवर २०१६ मध्ये निघालेल्या एका मोठ्या पद्धतशीर आढाव्यातले आकडेही इथे नोंदवावेसे वाटतात. आधी दिलेले आणि मिसळून दिलेले असे दोन्ही प्रकार धरून, लिग्नोकेनमुळे वेदनेचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर आले. म्हणजे हे औषध निम्मे काम करते. उरलेले काम शीर, पट्टा आणि इतर औषधे यांनी करायचे असते.

इतर औषधांपैकी फेंटानिलसारखी अफूवर्गीय औषधे आम्ही बहुतेकांना देतोच, कारण नळी घालताना हृदयाची धडधड वाढू नये म्हणून ती हवीच असतात. ती प्रोपोफॉलनंतर देण्याऐवजी दोन-तीन मिनिटे आधी दिली तर हातच्या हाती हाही फायदा पदरात पडतो. वेदनेची शक्यता जवळजवळ निम्मी होते. फक्त तेवढ्या वेळात श्वास मंदावतो आहे का, इकडे लक्ष हवे. केटामिन या भुलीच्या दुसऱ्या औषधाच्या लहान मात्रेचाही तसाच गुण आहे. मध्यम लांबीच्या साखळ्यांचे मेद वापरून केलेल्या प्रोपोफॉलच्या पायसात मोकळा अंश कमी असतो, त्यामुळे ते थोडे कमी झोंबते. पण फक्त त्यावर विसंबून राहण्याइतका तो फरक मोठा नाही. औषध थंड करून किंवा कोमट करून देण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि शीतकपाटाच्या फेऱ्या मारण्यापेक्षा बरी शीर शोधण्यात तो वेळ घालवावा, असे माझे मत आहे.

औषध किती वेगाने सोडावे, यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण इथे आपली सहज समजूत चुकते. हात दुखतो म्हणून औषध आणखी हळू सोडावे, असे कोणालाही वाटेल. बारीक शिरेत त्याचा परिणाम उलट होतो. हळू सोडलेले औषध शिरेत रेंगाळते आणि वेदना लांबते. पण म्हणून सगळ्यांनाच भराभर द्यावे असेही नाही, कारण वयस्कर किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचा रक्तदाब वेगाने दिलेल्या प्रोपोफॉलने धाडकन खाली येतो. अशा रुग्णांना औषध सावकाशच द्यावे लागते, आणि म्हणूनच आधीची तयारी, म्हणजे मोठी शीर, पट्टा, लिग्नोकेन आणि सोबत वेगाने चालणारे सलाईन, त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाची ठरते. नेमके उलटे घडते. तरुण, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाची काळजी घेतली जाते आणि मुकाट्याने ओठ आवळून पडलेल्या आजोबांची राहून जाते.

प्रोपोफॉल एकटेच दोषी नाही. स्नायू सैल करणारे रोक्युरोनियम हे औषध आम्लधर्मी असते आणि तेही शिरेत चांगलेच झोंबते. रुग्ण गाढ झोपलेला असताना ते सोडले की त्याचा हात अचानक कोपरात वाकतो, कधी सगळे अंगच वळते. शिकाऊ दिवसांत मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा रुग्ण जागा झाला की काय, या भीतीने माझ्याच हातातली सिरिंज पडली होती. जाणीव नसतानाही शरीराने वेदनेला दिलेले ते उत्तर असते. त्या झटक्यात कॅन्युला निघाली, तर स्नायू सैल होऊ लागलेल्या, श्वास थांबलेल्या रुग्णाला शीर उरत नाही, आणि मग ही बाब केवळ सोसण्याची राहत नाही. इथेही आधीचे लिग्नोकेन किंवा फेंटानिल कामी येते. एटोमिडेट हे भुलीचे औषध प्रोपिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात असले तर झोंबते आणि मेदाच्या पायसात असले तर बरेच कमी झोंबते. १९३४ पासून वापरात आलेले जुने थायोपेंटोन शिरेत फारसे दुखत नसे, पण ते तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे शिरेबाहेर किंवा रोहिणीत गेले तर ऊतींची नासधूस करी. लहान मुलांच्या बाबतीत आम्ही पुष्कळदा वायूची भूल आधी देतो आणि मूल झोपल्यावर सुई टोचतो. तिथे हा सगळा प्रश्नच उरत नाही.

न झोंबणाऱ्या औषधांचा शोध चालूच आहे. फॉसप्रोपोफॉल हे पाण्यात विरघळणारे रूप शरीरात गेल्यावर प्रोपोफॉलमध्ये बदलते. २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि हाताची आग खरोखरच गेली. पण तिच्या जागी अनेकांना मांड्यांच्या मध्ये विचित्र मुंग्या आणि जळजळ होऊ लागली. ते फारसे रुजले नाही. चीनमध्ये २०२० मध्ये मान्यता मिळालेले सिप्रोफॉल आणि त्याच वर्षी जपान व अमेरिकेत मान्यता मिळालेले रेमिमॅझोलाम ही दोन औषधे टोचताना पुष्कळच कमी दुखतात. ती सगळीकडे पोचेपर्यंत आपल्याला पट्टा बांधावाच लागणार आहे.

शब्दांचेही एक औषध आहे, आणि ते आम्ही फार निष्काळजीपणे वापरतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीसाठी कण्यात भूल देताना काही स्त्रियांना "मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग आहे" असे सांगण्यात आले, आणि इतरांना "जागा बधिर होईल आणि तुम्हाला आराम वाटेल" असे. टोचणे एकच, तरीही पहिल्या गटाने ते स्पष्टपणे जास्त दुखल्याचे सांगितले. म्हणून "आता खूप झोंबेल हं" असे मी म्हणत नाही. पण "काही होणार नाही, थोडं गार लागेल" असेही म्हणत नाही, कारण ते खोटे ठरले तर झोपेच्या उंबरठ्यावर रुग्णाचा माझ्यावरचा विश्वास उडतो आणि तो दुरुस्त करायला माझ्यापाशी वेळ नसतो. "हातात थोडी ऊब किंवा चुरचुर जाणवली तर मला सांगा, मी इथंच आहे" एवढे पुरते.

दुसऱ्या दिवशी त्या बाई टेबलावर आल्या तेव्हा त्यांच्या कोपराच्या लवणीत बोटाला लागेल अशी एकही शीर नव्हती. मनगटाच्या थोडी वर एक बरी शीर सापडली, तिच्यात गुलाबी रंगाची, म्हणजे वीस नंबरची कॅन्युला बसवली. प्राणवायू सुरू केला, फेंटानिल दिले, हात वर धरला आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावून फुगवला. "हे कशाला?" त्यांनी मास्कच्या आतून विचारले. "तुमच्या त्या पांढऱ्या औषधासाठी," मी म्हणाले. लिग्नोकेन सोडले आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबले. त्यांची नजर माझ्या हातातल्या सिरिंजवरून हलत नव्हती आणि दुसऱ्या हाताची मूठ गच्च आवळलेली होती. पट्टा सोडून मी औषध सुरू केले. काही सेकंदांनी त्या म्हणाल्या, "अजून सोडलं नाही का?"

"निम्मं गेलं की, ताई."

"मग लागत कसं..." एवढे बोलून त्या झोपल्या. आवळलेली मूठ चादरीवर हळूहळू उघडत गेली.

संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी गेले तेव्हा त्यांना पोटातला गॅस त्रास देत होता आणि खांदा दुखत होता, आणि त्याविषयी त्यांनी माझ्याशी यथास्थित तक्रार केली. हाताचा विषय त्यांनी काढला नाही, मीच विचारला. त्यांनी हात उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि "हात ठीक आहे की," असे म्हणून पुन्हा खांद्याकडे वळल्या. त्यांच्या भुलीच्या तक्त्यावर आणि घरी न्यायच्या कागदावर मी एक ओळ लिहिली, म्हणजे पुढच्या वेळी भूल देणाऱ्याला ती दिसेल: 'हाताच्या पुढच्या भागाची शीर, पट्टा लावून लिग्नोकेन ४० मिलिग्रॅम, एक मिनिट, प्रोपोफॉल देताना वेदना शून्य. मागील वेळी तीव्र.'